भिकुबाईची रॉकेटगाडी

रागावला की माणसाचा हात सुटतो, तोंड सुटतं. भाईदास विसपुतेचं उलटं होतं. राग आला की त्याचा हात आणखी स्थिर व्हायचा आणि तोंड मिटायचं. जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत सोनारांच्या ज्या भट्ट्या होत्या, तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा एका बाईने त्याने घडवलेली पाटली उलटसुलट करत "खोट दिसते हो" असं चारचौघांत म्हटलं. भाईदासने ती पाटली तिच्या हातातून घेतली, तिच्यासमोर मुशीत टाकली, वितळवली, गोळा थंड केला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. "पुढच्या दुकानी घडवून घ्या," एवढंच बोलला. घडणावळ गेली, गिऱ्हाईक गेलं, पण त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

अशा माणसाच्या वाटेला जाऊ नये. अभिमन दुसाने गेला, आणि तोही आतेभाऊ असून.

पण आधी हिलालचं सांगायला हवं. हिलाल हा भाईदासचा थोरला भाऊ. सोनाराच्या घरात जन्मला आणि त्याला ऐरणीपेक्षा मोटारीचं इंजिन जास्त आवडलं. वयात आला तसा फौजेत ड्रायव्हर झाला. सुट्टीवर आला की ओट्यावर बसून आईला सांगायचा, "आई, रशियन गाडी शे. पाठवर नळ्यासना भारा. एकदम सुटन्यात ना, डोंगर पेटस!" भिकुबाई गालावर हात ठेवून ऐकायची. तिला तोफ कळत नव्हती, रॉकेट कळत नव्हतं. आपल्या पोराच्या हातात एवढं मोठं धूड आहे, हे मात्र कळत होतं. आणीबाणी उठली त्या वर्षी डोंगरातल्या एका वळणावर ती गाडी दरीत गेली. हिलालची पेटी घरी आली. त्यात कपडे होते, घड्याळ होतं, दाढीचं सामान होतं. गाडीचा फोटो कुठेच नव्हता.

भिकुबाई रडली ती पहिल्या वर्षी. मग तिने एकच धरून ठेवलं. "ती गाडी कशी व्हती रे? माले एकदाव दखाड." पुढे काचबिंदूने तिची नजर गेली, तरी मागणं तेच राहिलं. आता "दखाड" म्हणायची आणि हात पुढे करायची.

भाईदासने अभिमनला हे सांगितलं. अभिमन आणि तो एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. अभिमनचा हात बेताचा, पण जीभ साखरेची. त्याने भट्टी सोडून सभा-संमेलनांचा नाद धरला होता आणि भारत-रशिया दोस्तीचं एक मैत्री मंडळ खानदेशात निघालं, त्याचा तो चिटणीस झाला होता. मंडळाच्या कामाने मुंबईला जायचा. एकदा येताना त्याने रशियन पुस्तकांच्या दुकानातून एक पुठ्ठ्याचा खोका आणला. खोक्यावर रशियन अक्षरं आणि बर्फातून धावणाऱ्या ट्रकचं चित्र. ट्रकच्या पाठीवर तिरप्या पट्ट्या आणि पट्ट्यांना लटकलेली रॉकेटं. आत हिरव्या प्लास्टिकचे तुकडे, काड्यांना चिकटलेले, एकेक तोडून जोडायचे.

"कात्यूशा म्हणतात हिला," अभिमन म्हणाला. "दुसऱ्या महायुद्धातली. हिलालदादाची गाडी हिच्याच कुळातली. मामीसाठी आणली."

त्या दिवशी भाईदासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे पुढचं समजायला लक्षात ठेवायला हवं. अभिमनने खरंच प्रेमाने आणलं होतं.

भाईदासने नकाशा बघून गाडी जोडली आणि त्याला ती आवडली नाही. त्या तिरप्या पट्ट्या, म्हणजे रॉकेटांचे रूळ, उसाच्या कांडीसारखे जाड. दरवाजे उघडत नव्हते. आंधळ्या माणसाच्या बोटाला यातलं काय कळणार? त्याने सगळी गाडी परत सुटी केली. मग पितळेचा पत्रा घेतला, दागिन्यांना तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी घेतली, आणि खोक्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू स्वतः घडवायला बसला. रॉकेटं ज्यांवरून सुटतात ते आठ रूळ त्याने पितळेचे केले, प्रत्येकात मूळ गाडीला असतात तशी हलकी करणारी गोल भोकं पाडली. रॉकेटाच्या आगीने काच फुटू नये म्हणून ड्रायव्हरपुढे लोखंडी झापडं असतात, ती बिजागरीवर उघडमीट होतील अशी केली. रूळ वर-खाली करायचं दांड्याचं चाक फिरतं केलं. दरवाजाची कडी केली, आणि कडी लागल्यावर नथीचा फासा बसतो तसा बारीक आवाज येईल अशी केली. दागिन्यांचं काम सांभाळून दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तो यात होता. पितळेत त्याने इतका जीव कधी घातला नव्हता.

भिकुबाईच्या मांडीवर गाडी ठेवली तेव्हा ती बराच वेळ नुसती धरून बसली. मग बोटं चालू लागली. टायर, पायरी, दरवाजा. कडी वाजली तशी ती दचकली.

"हाऊ उघडस?"

"हा आई."

"आठे बसे का तो?"

"तठेच बसे." मग भाईदासच्याने राहवेना, खोटं त्याला जमत नसे. "आई, हिलालदादानी गाडी हिनी नात. ही आजी शे."

भिकुबाई हसली. "मंग मन्हा वयनीच शे की."

त्यानंतर ती गाडी तिची झाली. दुपारी चहा झाला की ती पुढ्यात घ्यायची, दरवाजा उघडायची, आत बोट घालायची, कडी लावायची. भाईदासची बायको प्रमिलाबाई कौतुकाने म्हणायची, "अहो, देवपूजा चुकेल, पण आईंची गाडी चुकायची नाही." खरंच होतं ते. हिलालच्या श्राद्धाचा दिवसही तिने आता गाडी हातात धरून घालवला.

महायुद्ध संपल्याला चाळीस वर्षं झाली, त्या वर्षी मुंबईत मैत्री मंडळांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. अभिमन आला. भिकुबाईच्या पायाला हात लावून म्हणाला, "मामी, चार दिवस गाडी नेतो. लोकांना दाखवतो आणि आणून देतो."

भाईदासला द्यायची नव्हती. पण भिकुबाईच म्हणाली, "ने बापा. तूच ते आनी व्हती."

चार दिवसांचे पंधरा झाले. मग वर्तमानपत्रात अभिमनचा फोटो आला. प्रदर्शनातल्या स्पर्धेत पहिला नंबर, बक्षीस म्हणजे मॉस्कोची वारी. हातात भिकुबाईची गाडी आणि खाली छापलेलं: खानदेशच्या कलावंताने आपल्या हाताने घडवलेली कात्यूशा. भाईदासने ते वाचलं. प्रमिलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो म्हणाला, "पेपरवाले काहीही लिहितात," आणि कामाला बसला. तेव्हा त्याला तसंच वाटत होतं.

अभिमन मॉस्कोहून परत आला तो गाडीशिवाय. तिथल्या कुठल्याशा मैत्री भवनात काचेच्या कपाटात त्याने ती भेट देऊन टाकली होती. समारंभ झाला होता, टाळ्या झाल्या होत्या.

"भाईदास, अरे सन्मान आहे हा आपला!" तो म्हणाला. "मामीला दुसरी करून दे. तुला काय, चार दिवसांचं काम."

भाईदासने दुसरी करायला घेतली, पण खोका मिळेना. सराफ बाजाराच्या तोंडाशी पन्नालालजींचं खेळण्यांचं दुकान होतं. ते मुंबईला माल भरायला जायचे, त्यांना त्याने सांगून ठेवलं. त्यांनी दोन खेपांना शोधलं, नाही मिळाला. इकडे थंडी पडली आणि भिकुबाईच्या छातीत कफ धरला. तिने अंथरूण धरलं. ताप चढला की ती हात पुढे करायची आणि हवेत काहीतरी चाचपायची.

"कव्हय येई रे गाडी?"

"येई आई. अभिमन गाडी लई येई."

भाईदासने हिलालच्या पेटीतलं घड्याळ तिच्या हातात दिलं, तिने ते बाजूला ठेवलं. त्याने पितळेचा एक सुटा दरवाजा घाईघाईने घडवून दिला. तिने कडी लावली. आवाज आला नाही, घाईत फासा नीट बसला नव्हता. तिने तो दरवाजाही परत दिला. "ही नही," म्हणाली. संक्रांतीच्या आधी ती गेली, आणि जाताना तिचे दोन्ही हात गोधडीवर उघडे होते.

या सगळ्यावरही भाईदासने कदाचित पाणी सोडलं असतं. पण तेराव्याला पंगत उठल्यावर नातेवाईक ओसरीत सुपारी कातरत बसले होते आणि अभिमन मॉस्कोच्या गोष्टी सांगत होता. कुणीतरी गाडीचं विचारलं. अभिमनने डोळे पुसले.

"हिलालदादाची आठवण म्हणून घडवली मी ती," तो म्हणाला. "एकेक रूळ कानसताना दादा समोर दिसायचा. मामी हात फिरवून म्हणायची, अभिमन, तुझ्या रूपाने माझा हिलाल परत आला."

भाईदास पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. तो पुढे आला, अभिमनच्या पेल्यात पाणी ओतलं, एक थेंब बाहेर सांडला नाही. प्रमिलाबाईने तो स्थिर हात पाहिला आणि काय ते ओळखलं.

त्यानंतर भाईदास अभिमनशी फार गोड वागू लागला. अभिमनचं भाषण असलं की पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. धरणगावला, अमळनेरला, फैजपूरला, जिथे जिथे अभिमन पडद्यावर मॉस्कोची चित्रं दाखवी आणि "ही झापडं करताना माझी बोटं सोलून निघाली" असं सांगे, तिथे भाईदास टाळ्या वाजवायचा. एकदा तर हार घेऊन स्टेशनवर गेला. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. घरी आल्यावर तो जेवायचा नाही. भिकुबाईच्या खाटेच्या जागी आता त्याने आपली ऐरण आणून ठेवली होती आणि तिथे बसून राहायचा.

"अहो, बोलून टाका एकदा," प्रमिलाबाई म्हणाली. "भांडा, चार शिव्या द्या, मोकळे व्हा."

"मला मोकळं व्हायचं नाही," भाईदास म्हणाला.

सोव्हिएत महोत्सवाचं वर्ष उजाडलं. देशभर रशियन पाहुणे फिरत होते. मैत्री मंडळाने मे महिन्यातल्या विजयदिनाचा कार्यक्रम धुळ्याला ठरवला आणि पाहुण्यांमध्ये एक म्हातारा सैनिक येणार असं कळलं, ज्याने लढाईत खरी कात्यूशा चालवली होती. त्याला भेट द्यायला गाडी हवी. सगळ्यांनी अभिमनकडे बघितलं. अभिमन जळगावला आला, मेहरूणच्या वाटेवरच्या भाईदासच्या घरी बसला, चहा प्यायला, आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "एक करून दे ना रे. नाव कुणाचं का असेना, काम तर आपल्या घराण्याचं."

"त्यात काय," भाईदास म्हणाला. "तू खोका आण."

अभिमन गेल्यावर तो हसला. प्रमिलाबाईने ते हसू बघितलं आणि चुलीपुढे जाऊन बसली.

या वेळी खोका आला. भाईदासने गाडी घडवली, आणि पहिलीपेक्षा सरस घडवली. रुळांची भोकं आणखी बारीक, हेडलाइटच्या जाळ्या सोन्याच्या चाळणीसारख्या, मागचे टेकू खाली सोडता येणारे. फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. कुठेही झाळ लावली नाही. सोनार धातूला धातू जोडतो तो विस्तवावर झाळ देऊन, तो जोड माणसाच्या जन्मात सुटत नाही. भाईदासने सगळे जोड लाखेने बसवले. पोकळ दागिन्यात भरतात ती लाख, त्यात मेण आणि राळ, आणि दिसायला धातू वाटावा म्हणून पितळेचा कीस. वर हिरवा रंग दिला की ब्रह्मदेवालाही फरक कळू नये.

किती मेण घालायचं याचा हिशेब त्याने उन्हाला विचारला. चैत्रात तो भरदुपारी गच्चीवर जायचा. पत्र्यावर सुटे जोड ठेवायचा आणि डोक्याला उपरणं गुंडाळून त्यांच्याकडे बघत बसायचा. एक जोड फार लवकर सुटला, म्हणजे जळगाव-धुळे मोटारीतच गाडी मोडणार. मेण कमी केलं. दुसरा संध्याकाळपर्यंत घट्ट राहिला. मेण वाढवलं. खानदेशचं ऊन सगळे शिव्या घालून सोसतात. भाईदास त्याला मनापासून नमस्कार करायचा. शेवटी त्याला हवा तसा जोड सापडला. सावलीत घट्ट, पण शूटिंगच्या दिव्याच्या धगीत थोडा वेळ राहिला की ढिला पडणारा. धुळ्याच्या त्या पत्र्याच्या सभागृहात तो आधीच जाऊन आला होता. व्हिडिओ शूटिंगवाल्याला विचारून आला होता की दिवा किती मोठा आणि टेबलापासून किती लांब.

निघायच्या आदल्या दिवशी प्रमिलाबाईने गाडी उचलून बघितली. सोनाराची बायको ती. नखाने एक जोड दाबला आणि तिला कळलं.

"त्या म्हाताऱ्या पाहुण्याचा काय दोष?" ती म्हणाली.

भाईदासने गाडी तिच्या हातून घेतली, कापसात ठेवली. "माझ्या आईचा काय होता?"

धुळ्याचं सभागृह खच्चून भरलं होतं. पंखे गरम वारा फिरवत होते. व्यासपीठावर मधोमध टेबल, टेबलावर लाल कापड, कापडावर गाडी. शूटिंगचा दिवा तिच्यावर रोखलेला. म्हातारा पाहुणा अगदी टेबलाजवळ बसला होता. कोटावर पदकं, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. येताक्षणी तो गाडीपुढे वाकला होता आणि रुळांवर उजव्या हाताचं एक बोट सावकाश फिरवलं होतं. भाईदास पहिल्या रांगेत होता. त्या बोटाकडे त्याने बघितलं, आणि मग मान वळवली.

अभिमनचं भाषण रंगात आलं. "हे आठ रूळ," तो म्हणाला, "माझ्या रक्ताने मी—"

डावीकडचा एक रूळ हलला. कुणाला तरी वाटलं पंख्याच्या वाऱ्याने. मग तो तिरपा झाला आणि त्यावरची रॉकेटं एकामागून एक घरंगळून टेबलावरून खाली टपटपली. अभिमनने दचकून हात लावला, तसा दुसरा रूळ त्याच्या बोटांना चिकटून आला. पुढची चाकं फाकली. दरवाजा गळाला. बसताना उंट आधी पुढचे गुडघे मोडतो, तशी ती गाडी तोंडावर बसली.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "अभिमनभाऊ, तुन्ही गाडी ते बसनी!" आणि हशा उसळला.

मंडळाचे अध्यक्ष उठून सारवासारव करू लागले. पाहुण्याने दुभाष्याच्या कानात काही सांगितलं. दुभाषी म्हणाला, "पाहुणे म्हणतात, काही हरकत नाही. ज्या हातांनी ही केली ते हात काम करताना बघायला त्यांना आवडेल. ते थांबतील."

याच्यापेक्षा चांगलं भाईदासला स्वतःलाही सुचलं नसतं. तो उठला. काखेतल्या पिशवीतून चिमटा, दिवा आणि फुंकणी काढली, व्यासपीठावर चढला आणि अभिमनच्या पुढ्यात नीट मांडून ठेवली.

"घे," तो मोठ्याने म्हणाला. "बसव. तुझ्या हातची आहे."

अभिमनने त्याच्याकडे बघितलं आणि तेव्हा त्याला कळलं. घाम त्याच्या हनुवटीवरून टेबलावर पडत होता. पण समोर सगळं धुळं बसलं होतं. त्याने दिवा पेटवला, फुंकणी तोंडाला लावली, आपण झाळकाम शिकलोय याचा आधार धरला आणि ज्योत जोडावर सोडली. काळा धूर निघाला. चरचर आवाज झाला आणि उरलेले सगळे रूळ एकदम कोसळले. धुराचा वास पसरला. सभागृहात धुळ्याचे बरेच सराफ आणि कारागीर होते. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा सोनार नाक वर करून म्हणाला, "अरे, ही तर लाख!"

"भाईदास," अभिमन ओठांतल्या ओठांत म्हणाला, "हात जोडतो. घरी बोलू."

"घरी कोण आहे आता?" भाईदास म्हणाला. मग त्याने आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत चढवला. "माझ्या आईची गाडी कुठे आहे अभिमन? आंधळ्या बाईच्या मांडीवरून उचलून नेलीस. मी घडवली, तू मिरवलीस. मरताना ती हात पसरून गेली. सांग ना यांना, काय म्हणाली होती मामी? तुझ्या रूपाने हिलाल आला? ती म्हणत होती, कव्हय येई रे गाडी!"

अभिमन खाली बसला. खुर्चीवर नाही, व्यासपीठाच्या फळ्यांवर. भाईदास त्याच्या डोक्यावर उभा राहून बघत राहिला. त्याला वाटलं होतं, हे झालं की छातीतलं काहीतरी निवेल. निवलं नाही. पण गोड लागलं, आणि त्याने ते गोड पुरतं चाखलं.

मग त्याच्या लक्षात आलं की पाहुणा गुडघ्यांवर बसून रॉकेटं वेचतोय. एकेक उचलून रुमालात ठेवत होता. दुभाषी त्याला थांबवत होता, तो थांबत नव्हता. रुमालाची गाठ मारून तो उठला, भाईदाससमोर आला आणि काहीतरी म्हणाला.

दुभाषी जरा अडखळला. "ते म्हणतात, लढाईत माघार घ्यायची वेळ आली की आम्ही या गाड्या स्वतःच सुरुंगाने उडवायचो. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. हुकूमच होता तसा. ते विचारतात, तुम्ही तेच केलंत का?"

"हो," भाईदास म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. शाबासकीही दिली नाही, दोषही दिला नाही. दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, या गाडीवर किती मेहनत केली होती? भाईदास वाकून आपलं सामान पिशवीत भरू लागला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा चिमटा त्याच्या हातून निसटून पडला.

अभिमनचं चिटणीसपद गेलं. धुळ्यापासून भुसावळपर्यंत सोनारांच्या गल्ल्यांत त्याचं नाव "लाख्या" पडलं. मुलं मागून ओरडायची. त्याची आई, म्हणजे भाईदासची सख्खी आत्या, पदर पसरून आली, "बाप्पा, माफ कर त्याले." भाईदासने तिला पाटावर बसवलं, जेवू घातलं, साडी दिली, बसमध्ये बसवून दिली. माफीचा शब्द दिला नाही. वर्षभरात अभिमन बायकोपोरांना घेऊन सुरतेला निघून गेला आणि तिथे कुणाच्या तरी जरीच्या कारखान्यात कारकुनी करू लागला.

मॉस्कोतल्या गाडीसाठी भाईदासने मुंबईच्या वकिलातीपर्यंत खेटे घातले. चौकशी करू म्हणाले. चौकशी चालू असतानाच तो देशच मोडला, आणि ते मैत्री भवन कुणाचं झालं, कपाटं कुठे गेली, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

एक मात्र झालं. धुळ्याची हकिगत ऐकून पुण्या-मुंबईचे हौशी लोक पन्नालालजींकडे विचारत येऊ लागले. अशा युद्धाच्या गाड्यांचे खोके आता बाहेरून सहज येत होते आणि त्यांना प्लास्टिकच्या जागी पितळेचे भाग हवे असायचे. भाईदास रूळ, झापडं, जाळ्या, टेकू घडवून छोट्या पुडीत भरून द्यायचा. काम तो चोख करायचा. पूर्ण गाडी मात्र त्याने परत कधी जोडली नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी म्हणायचा, "सामान माझ्याकडून घ्या, जोडा तुमचे तुम्ही."

सत्त्याण्णव साली सुरतेहून लग्नाची पत्रिका आली. अभिमनच्या मुलीचं लग्न. पत्रिका घेऊन आलेला माणूस म्हणाला, अभिमनभाऊंना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, बोलता येतं पण थोडं, आणि सारखं तुमचं नाव घेतात. या म्हणतात, एकदा या.

माणूस गेल्यावर प्रमिलाबाई म्हणाली, "जाऊ या. झालं ते झालं. आईंनी केव्हाच माफ केलं असतं."

"म्हणूनच मला करता येत नाही," भाईदास म्हणाला. "तिची माफी तिच्याबरोबर गेली. मी तिच्या वतीने कशी देऊ?"

"आणि तुमच्या वतीने?"

त्याने कानस उचलली आणि पत्र्याच्या कडेवर फिरवू लागला. प्रमिलाबाईने कपाट उघडलं आणि आपली एकटीची पिशवी भरायला घेतली. त्याने अडवलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. तिला खिडकीची जागा मिळवून दिली, फलाटावरच्या नळावरून बाटली भरून आणली, मुलीसाठी स्वतः घडवलेली चांदीची जोडवी तिच्या हातात ठेवली. "मुलीला दे," म्हणाला. "मुलीनं काही केलेलं नाही."

"आणि तिच्या बापाला काय सांगू?"

गाडीने शिटी दिली. भाईदास खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालला.

"सांग, भाईदास बरा आहे. एवढंच," तो म्हणाला आणि गज सोडला.